पूर्वलक्षी प्रभावाचे निवडणूक कायदे : १९७४-७५ मधील दुरुस्त्या आणि त्यांचे उत्तरायुष्य

प्रस्तावना

स्वतंत्र भारतातील निवडणूकविषयक कायद्यांच्या इतिहासात ऑक्टोबर १९७४ ते ऑगस्ट १९७५ या दहा महिन्यांच्या कालखंडाला विशेष महत्त्व आहे. या काळात संसदेने निवडणूक कायद्यात दोन वेळा आणि राज्यघटनेत एकदा अशा दुरुस्त्या केल्या, की ज्यांचा परिणाम पुढील निवडणुकांप्रमाणेच आधी होऊन गेलेल्या निवडणुकांवरही होणार होता. आणीबाणीवरील विपुल लेखनात यांपैकी ३९ व्या घटनादुरुस्तीची चर्चा सविस्तर झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिचा गाभा रद्द केल्यामुळे त्या प्रकरणाचा शेवट लोकशाहीच्या विजयात झाला, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. प्रत्यक्षात साध्या बहुमताने केलेल्या दोन्ही कायद्यांतील दुरुस्त्या न्यायालयात टिकल्या. त्यांपैकी एक पुढे सुमारे एकोणतीस वर्षे चालली आणि उरलेल्या बहुतांश आजही कायद्याच्या पुस्तकात आहेत. प्रस्तुत लेखात या टिकून राहिलेल्या भागाचा मागोवा घेतला आहे.

सोळा दिवसांचा अध्यादेश

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीतील सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी खर्चमर्यादेच्या उल्लंघनाच्या मुद्द्यावर ही निवड आव्हानित केली. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चावला यांची निवड रद्द ठरविली. उमेदवाराच्या माहितीने व मूक संमतीने त्याच्या पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च हा त्या उमेदवाराचाच खर्च होय, असे न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेल्या निकालपत्राचे सूत्र होते. पक्षाचा खर्च वगळला तर कायद्यातील मर्यादेला अर्थच उरत नाही आणि ज्याच्यामागे पैसा आहे त्याचाच आवाज मतदारापर्यंत पोहोचतो, हा त्यामागील विचार होता.

या निकालाला सोळा दिवस झाले आणि १९ ऑक्टोबर रोजी राष्ट्रपतींचा अध्यादेश निघाला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले. कोणत्याही न्यायालयाचा निकाल काहीही असला, तरी राजकीय पक्षाने अथवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी यांच्याव्यतिरिक्त अन्य कोणी केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही आणि पूर्वीही तो तसा मानला गेलेला नव्हता, असा त्याचा आशय. ज्यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने आधीच रद्द केली होती त्यांना याचा लाभ नव्हता. प्रलंबित प्रकरणांना होता. डिसेंबर १९७४ मध्ये या अध्यादेशाचा कायदा झाला. रायबरेलीची याचिका त्या वेळी अलाहाबाद उच्च न्यायालयात चालू होती आणि तीत खर्चाचा मुद्दाही होता, ही गोष्ट तत्कालीन टीकाकारांच्या नजरेतून सुटली नव्हती. तथापि अध्यादेश केवळ त्या एका याचिकेसाठी काढला गेला असे म्हणणे अपुरे ठरेल. निकालामुळे अडचणीत येऊ शकणारे लोकप्रतिनिधी अनेक होते आणि ते एकाच पक्षाचे नव्हते.

मापानुसार शिवलेला कायदा

रायबरेलीत इंदिरा गांधी यांना १,८३,३०९ आणि राजनारायण यांना ७१,४९९ मते मिळाली होती. राजनारायण यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ रोजी निकाल दिला. अनेक आरोप त्यांनी फेटाळले. खर्चाची ३५,००० रुपयांची मर्यादा ओलांडली गेल्याचेही त्यांना आढळले नाही. दोन बाबी मात्र सिद्ध मानल्या गेल्या. पंतप्रधान सचिवालयातील विशेष कार्य अधिकारी यशपाल कपूर यांचे शासकीय सेवेत असताना निवडणुकीसाठी साहाय्य घेतले गेले, ही पहिली. सभांची व्यासपीठे, ध्वनिक्षेपकांसाठी वीज इत्यादी व्यवस्था उत्तर प्रदेशातील सरकारी अधिकाऱ्यांकडून करवून घेतली गेली, ही दुसरी. कलम १२३(७) नुसार हे भ्रष्ट आचरण ठरले, निवड रद्द झाली आणि सहा वर्षांची अपात्रता आली.

पहिली बाब सर्वस्वी तारखांवर उभी होती. २९ डिसेंबर १९७० रोजी दिल्लीतील पत्रकार परिषदेत इंदिरा गांधींना रायबरेली सोडून गुडगावला जाणार का, असे विचारले गेले व त्यांनी नकारार्थी उत्तर दिले. तेव्हापासून त्यांनी स्वतःला उमेदवार म्हणून पुढे केले, असे न्यायालयाने मानले. कपूर यांनी ७ जानेवारी १९७१ रोजी रायबरेली मतदारसंघात भाषण केले, १३ जानेवारीला राजीनामा दिला आणि तो १४ तारखेपासून अमलात आल्याची अधिसूचना २५ जानेवारीला काढून ६ फेब्रुवारीच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. न्यायमूर्ती सिन्हांच्या मते २५ जानेवारीपर्यंत कपूर शासकीय सेवकच होते. इंदिरा गांधींचे नामनिर्देशनपत्र १ फेब्रुवारीला दाखल झाले.

६ ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आलेला निवडणूक कायदे (सुधारणा) अधिनियम या तारखांशेजारी ठेवून वाचला पाहिजे. त्याने कलम ७९(ख) मधील ‘उमेदवार’ या शब्दाची व्याख्या बदलली. स्वतःला भावी उमेदवार म्हणून पुढे करण्याचा भाग गळाला आणि नामनिर्देशनापासूनच उमेदवारी सुरू होते असे ठरले. म्हणजे २९ डिसेंबरऐवजी १ फेब्रुवारी. सरकारी नोकराच्या राजीनाम्याबाबत राजपत्रात नमूद केलेली अंमलाची तारीख हा निर्णायक पुरावा ठरला. म्हणजे २५ जानेवारीऐवजी १४ जानेवारी. अधिकाऱ्याने आपल्या कर्तव्याचा भाग म्हणून उमेदवारासाठी केलेली व्यवस्था हे साहाय्य मानले जाणार नाही, असे परंतुक १२३(७) ला जोडले गेले. त्याने व्यासपीठ व विजेचा प्रश्न मिटला. याचिकेत काँग्रेसच्या गाय-वासरू या चिन्हाला धार्मिक चिन्ह म्हणून आक्षेप होता. तो उच्च न्यायालयात फेटाळला गेला असूनही, उमेदवाराला नेमून दिलेले चिन्ह धार्मिक प्रतीक मानले जाणार नाही, अशी तरतूद करून ती फटही बुजविण्यात आली. खर्चाचा हिशेब ठेवण्याचा कालावधीदेखील निवडणुकीच्या अधिसूचनेऐवजी नामनिर्देशनाच्या दिवसापासून धरण्यात आला. भ्रष्ट आचरणामुळे येणारी अपात्रता आपोआप लागू न होता तिचा निर्णय राष्ट्रपतींकडे सोपविला गेला. हे सर्व प्रलंबित अपिलांनाही लागू होते. एका खटल्यातील वादाचे मुद्दे ओळीने मांडावेत आणि प्रत्येकापुढे एकेक कलम लिहावे, तशी या अधिनियमाची रचना आहे.

त्यावरही संतोष नव्हता. ७ ऑगस्टला कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी घटनादुरुस्ती विधेयक मांडले व लोकसभेने ते त्याच दिवशी संमत केले. ८ तारखेला राज्यसभेने. लगोलग राज्यांच्या विधानसभांनी. १० ऑगस्टला, रविवारी, राष्ट्रपतींची संमती मिळाली. अपिलाची सुनावणी ११ तारखेला होती. नव्या अनुच्छेद ३२९-क च्या चौथ्या खंडाने पंतप्रधान व लोकसभेचे अध्यक्ष यांच्या आधी झालेल्या निवडणुकांना कोणताही निवडणूक कायदा लागू नव्हता असे जाहीर केले आणि न्यायालयाचा प्रतिकूल निकाल निरर्थक ठरविला. लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९७४ व १९७५ चे दोन्ही सुधारणा कायदे नवव्या अनुसूचीत घातले गेले. या वेळी विरोधी पक्षांचे अनेक सदस्य स्थानबद्ध होते, उरलेल्यांपैकी बहुतेकांनी अधिवेशनावर बहिष्कार घातला होता आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. विधेयक मांडणारे गोखले हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. मतदारापुढे जाऊन उत्तर देण्याची प्रथा आणि न्यायालयापुढे जाऊन उत्तर देण्याची प्रथा, या दोन्ही गोष्टी त्यांना परक्या नव्हत्या.

७ नोव्हेंबर १९७५

सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्यायमूर्ती हंसराज खन्ना, के. के. मॅथ्यू, एम. एच. बेग व य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर रोजी निकाल दिला. अनुच्छेद ३२९-क चा चौथा खंड बहुमताने रद्द झाला. मुक्त व निर्भय निवडणुका हा लोकशाहीचा व म्हणून घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे, असे खन्नांनी मानले. चंद्रचूडांनी समानता व कायद्याचे राज्य या तत्त्वांवर भर दिला. केशवानंद भारती प्रकरणात १९७३ मध्ये मांडले गेलेले मूलभूत संरचनेचे तत्त्व वापरून घटनादुरुस्ती रद्द करण्याचा हा प्रसंग म्हणून विधी अभ्यासक्रमांत तो शिकविला जातो, आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच निकालाने १९७४ व १९७५ चे दोन्ही सुधारणा कायदे वैध ठरविले आणि त्यांच्या आधारे इंदिरा गांधींची निवड कायम केली. येथील युक्तिवाद काळजीपूर्वक पाहण्याजोगा आहे. मूलभूत संरचनेची कसोटी घटनादुरुस्तीला लागते, साध्या कायद्याला लागत नाही, अशी भूमिका चंद्रचूडांसह काही न्यायमूर्तींनी घेतली. खन्नांच्या मते संसदेला पूर्वलक्षी कायदा करण्याचा अधिकार आहे आणि या दुरुस्त्या सर्वांना सारख्याच लागू असल्याने त्या मुक्त निवडणुकीला बाधक नाहीत. त्याला पूर्वदाखलाही होता : राजस्थानातील कांता कथुरिया यांची अपात्रता राज्य विधिमंडळाने अपील प्रलंबित असताना पूर्वलक्षी कायद्याने दूर केली होती व १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मान्य केला होता. अशा रीतीने एक विचित्र स्थिती निर्माण झाली. दोनतृतीयांश बहुमताने व राज्यांच्या अनुमतीने जे करता आले नाही, ते साध्या बहुमताने करता आले. पहिल्यात व्यक्तीचे पद लिहिलेले होते. दुसऱ्यात ‘उमेदवार’ असे सामान्यनाम होते. कायद्याच्या सर्वसाधारणतेची कसोटी शब्दांवर लावली गेली, प्रयोजनावर लावली गेली नाही.

मराठी वाचकाला या काळातील आणखी एका घटनेचे स्मरण व्हावे. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. ती कायद्याने वाढविण्यात आली. बिहारमधील बांका येथून निवडून आलेले, मूळचे पुण्याचे मधु लिमये त्या वेळी तुरुंगात होते. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार संसदेने स्वतःच वाढवून घेणे त्यांना अनैतिक वाटले व त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला; शरद यादव यांनीही तेच केले. न्यायालयीन लढाईत उत्तरदायित्वाचा प्रश्न कलमांच्या अर्थात विरघळत असताना या दोन राजीनाम्यांत तो अगदी सरळ उभा राहिलेला दिसतो.

जनता राजवट आणि उरलेली कलमे

मार्च १९७७ मध्ये रायबरेलीच्या मतदारांनी राजनारायण यांना निवडून दिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२९-क वगळला आणि निवडणूक कायद्यांची नवव्या अनुसूचीतील नोंदही काढून टाकली. संरक्षक कवच गेले. आतील कलमे मात्र तशीच राहिली. आणीबाणीचे वारस नको म्हणणाऱ्या सरकारने कलम ७७ चे स्पष्टीकरण, ‘उमेदवारा’ची नवी व्याख्या, राजपत्राचा निर्णायक पुरावा यांपैकी कशालाच हात लावला नाही. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नेमलेल्या व न्या. वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी १९७५ मध्येच निवडणूक सुधारणांचा आराखडा दिला होता, म्हणजे साहित्य हाताशी नव्हते असेही नाही. पक्षाच्या अमर्याद खर्चाची मुभा सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाकांना सोयीची होती, हेच याचे अधिक संभाव्य कारण दिसते.

या सोयीची किंमत पुढे महाराष्ट्रातील एका खटल्यात दिसली. १९९१ मध्ये नागपूरहून निवडून आलेल्या दत्ताजी मेघे यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खर्चाच्या मुद्द्यावर रद्द केली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. तसे करताना या स्पष्टीकरणामुळे खर्चमर्यादेचा हेतूच विफल होतो, अशी नाराजी न्यायालयाने व्यक्त केली व विधिमंडळाने लक्ष घालावे अशी अपेक्षा केली. त्याआधी १९८५ मध्ये हेच स्पष्टीकरण न्यायालयाने वैध ठरविले होते, त्यामुळे नाराजीपलीकडे जाण्यास वाव नव्हता. अखेर सप्टेंबर २००३ मध्ये संसदेने ते बदलले. तेव्हापासून पक्षाच्या प्रमुख प्रचारकांचा प्रवासखर्च तेवढा वगळला जातो. उमेदवाराला मर्यादा आहे, २०२२ मध्ये ती मोठ्या राज्यांतील लोकसभा मतदारसंघासाठी ९५ लाख रुपये करण्यात आली. राजकीय पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा घालणारी तरतूद कायद्यात नाही. आणि कलम ७९(ख) मधील व्याख्या आजही १९७५ चीच आहे. नामनिर्देशनापूर्वी कित्येक महिने मतदारसंघभर लागणाऱ्या फलकांवरील चेहरा कायद्याच्या दृष्टीने उमेदवाराचा नसतो, याचे मूळ २९ डिसेंबर १९७० च्या त्या पत्रकार परिषदेत आहे.

ही पद्धत एका पक्षाची किंवा एका दशकाची राहिली नाही. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस व भारतीय जनता पक्ष या दोघांनीही देणग्या स्वीकारताना विदेशी अंशदान कायद्याचा भंग केल्याचे म्हटले. २०१६ च्या वित्त अधिनियमाने ‘विदेशी स्रोत’ या संज्ञेची व्याख्या २०१० पासून बदलली. २०१८ च्या वित्त अधिनियमाने तो बदल ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेला. सुमारे बेचाळीस वर्षांचा पूर्वलक्षी प्रभाव असलेला हा बदल लोकसभेत अर्थसंकल्पाबरोबर चर्चेविना संमत झाला. या वेळी विरोध करण्यात हितसंबंध असलेला मोठा पक्षच उरला नव्हता.

अगदी अलीकडचा प्रसंग पूर्वलक्षी नाही, पण त्याची गती १९७४ ची आठवण करून देणारी आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणा विधानसभा निवडणुकीशी संबंधित चित्रीकरण व मतदानाच्या नोंदींची कागदपत्रे अर्जदाराला देण्याचा आदेश दिला. २० डिसेंबरला केंद्र सरकारने निवडणूक आयोगाच्या शिफारशीने निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलला. पूर्वी निवडणुकीसंबंधीची ‘इतर सर्व कागदपत्रे’ जनतेच्या पाहणीसाठी खुली होती. आता ‘या नियमांत निर्दिष्ट केलेली’ एवढे शब्द त्यात आले. मतदाराची गोपनीयता व चित्रीकरणाचा संभाव्य दुरुपयोग ही कारणे देण्यात आली, आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाहीत. परंतु हा बदल संसदेच्या चर्चेतून आला नाही. राजपत्रातील अधिसूचनेतून आला. १९७४ मध्ये निकाल आणि दुरुस्ती यांत सोळा दिवसांचे अंतर होते. या वेळी ते अकरा दिवसांचे होते.