श्यामची आई आठवते, आणि श्यामचे वडील?

नेहमीप्रमाणे, ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

शाळेत आम्हाला दरवर्षी ‘माझी आई’ हा निबंध असायचा. ‘माझे वडील’ कधी आल्याचं मला तरी आठवत नाही. वडील तेव्हा भाईंदरहून लोकलने चर्चगेटला कामाला जायचे. आम्ही उठायच्या आत घराबाहेर, आणि परत येईपर्यंत आमची जेवणं झालेली. त्यांच्यावर लिहिणार तरी काय?

पण दोष एकट्या लोकलचा नव्हता. आईकडे कसं बघायचं हे आम्हाला एका पुस्तकाने शिकवलं होतं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. १९३५ साली ते छापून आलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, वनमालाबाई आई झाल्या, आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. मराठी घरात आई म्हणजे श्यामची आई, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आणि श्यामचे वडील? विचारलं तर लोक सांगतात, कर्जबाजारी झाले. ते खरंच आहे. कोकणातल्या एका खोताच्या घराण्याची घसरण त्या पुस्तकात आहे: सावकाराचा तगादा, त्याच्या माणसाकडून आईचा झालेला अपमान. पण ‘अळणी भाजी’ची गोष्ट आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक अक्षर न बोलता ती भाजी खातात, वर चवीचं कौतुक करतात, आणि त्यांचं बघून मुलंही गप्प राहतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. बायकोला वाईट वाटू नये एवढंच वडिलांच्या मनात होतं. हे प्रेमही त्याच पुस्तकात आहे, आपण मात्र कर्ज तेवढं लक्षात ठेवलं.

पुढेही बाप बहुतेक पैशाच्या हिशेबातच दिसला. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात आणि रस्त्यावर येतात. डॉ. श्रीराम लागूंचे अप्पा बघून लोक रडले, पण तो बापही ‘सर्वस्व गमावलेला’ म्हणूनच लक्षात राहिला.

१९५२ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात डी सिकाचा इटालियन ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) दाखवला गेला. त्यातल्या बापाची नोकरी सायकलवर अवलंबून. सायकल सोडवण्यासाठी आई घरातल्या चादरी गहाण टाकते. ती सायकल चोरीला जाते आणि हताश बाप शेवटी स्वतः चोरी करतो, पोराच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. पोरगा मात्र त्याचा हात धरतो. याच चित्रपटाच्या प्रभावातून बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ आला, तोही १९५३ सालीच. एकाच वर्षी पडद्यावर श्यामची आई होती आणि रिक्षा ओढणारा बापही. आपण निबंध एकीवरच लिहिला.

मराठीत बापाचा हात धरला तो १९९३ मध्ये नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ने. गावकीचं काम नाकारून मुंबई गाठलेला दामू तिथे लाचार नाही. तो ठसक्यात स्वतःची गोष्ट सांगतो.

हे सगळं आज का काढलं? वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात एक वही सापडली. भाईंदरची आमची खोली घेताना कुणाकडून किती उसने घेतले, कधी फेडले, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. शेवटचा हप्ता मी दहावीत असतानाचा. त्या वर्षी मी नव्या बुटांसाठी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. ते काहीच बोलले नव्हते.

अळणी भाजी आमच्याही घरी होती, मंडळी. मला कळायला उशीर झाला. तुमचे वडील असतील तर आज त्यांना त्यांची एक गोष्ट विचारा. भेटू पुढच्या भागात.