टोकियोतला तोंडी तास

इंग्रजी बोलायला शिकवण्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण पद्धतींची नावं सांगतात. आधी डायरेक्ट, मग स्ट्रक्चरल, मग कम्युनिकेटिव्ह. मी तो इतिहास शिक्षकाच्या बाजूने वाचते. ज्याला स्वतःलाच ती भाषा बोलताना अडखळायला होतं, त्याने पन्नास-साठ मुलांना ती बोलायला कसं लावायचं? तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली, आणि हा प्रश्न रोज माझ्याबरोबर वर्गात यायचा. त्यावर सगळ्यात मन लावून विचार केला तो हॅरॉल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने, तोही जपानमध्ये, शंभर वर्षांपूर्वी.

पामरांचा जन्म १८७७ चा. विद्यापीठाची पदवी नाही. तरुणपणी वडिलांच्या वर्तमानपत्रात काम केलं आणि १९०२ मध्ये बेल्जियममधल्या व्हर्व्हिए गावी भाषा शिकवायला गेले. तिथे बर्लिट्झ या भाषाशाळांच्या धर्तीचे वर्ग चालत. विद्यार्थ्याच्या भाषेतला एक शब्दही न वापरता, वस्तू दाखवत, हातवारे करत शिकवायचं. १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि पामर इंग्लंडला परतले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनिएल जोन्स यांच्या ध्वनिशास्त्र विभागात ते शिकवू लागले आणि तिथे पुस्तकंही लिहिली.

बर्लिट्झचा वर्ग चालायचा तो दोन गोष्टींवर. शिक्षकाची ती मायबोली असायची आणि समोर फी भरून आलेली मोजकी मोठी माणसं असायची. या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या तर काय उरतं, हे पामरांना जपानने दाखवलं.

सावायानागी मासातारो हे तिथले थोर शिक्षणतज्ज्ञ. त्यांच्या निमंत्रणावरून आणि मात्सुकाता कोजिरो या जहाजबांधणी उद्योगपतीच्या पैशावर पामर १९२२ मध्ये टोकियोला गेले. हुद्दा होता शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार. पुढच्याच वर्षी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली. त्याच १९२३ च्या सप्टेंबरात भूकंपाने टोकियो आणि योकोहामा जमीनदोस्त केलं, तरी काम थांबलं नाही.

शाळांमधलं चित्र आपल्याला ओळखीचं वाटेल. मास्तर इंग्रजी वाक्य वाचणार, शब्दाशब्दाला जपानी अर्थ देणार, मुलं ते वहीत उतरवणार. उच्चाराकडे कोणी बघत नसे. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या, तसंच. ती पाठमाला मी कमी लेखत नाही. माझ्या वडिलांचं इंग्रजी तिच्यावरच उभं होतं, आणि त्यांची पत्रं निर्दोष असत. पण साहेबासमोर उभं राहिलं की त्यांच्या तोंडून वाक्य फुटत नसे.

जपानी मास्तरांची हीच स्थिती होती, आणि पामरांचं मोठेपण मला इथे दिसतं. या माणसांना हिणवून गोऱ्या शिक्षकांची फौज आणा, असं त्यांनी सुचवलं नाही. अडखळणाऱ्या शिक्षकाच्या हाती देता येतील अशी साधनं त्यांनी घडवली. त्यातलं सर्वात उपयोगी साधन म्हणजे ठराविक वळणाची प्रश्नोत्तरं. टेबलावर पुस्तक ठेवायचं. ‘इज धिस अ बुक?’ ‘येस, इट इज.’ ‘इज इट अ पेन?’ ‘नो, इट इजन्ट.’ ‘इज इट अ बुक ऑर अ पेन?’ ‘इट इज अ बुक.’ आणि मग शेवटी, ‘व्हॉट इज धिस?’

ओळी साध्या दिसतात, पण क्रम नीट बघा. पहिल्या दोन प्रश्नांना हो-नाही पुरतं. तिसऱ्यात उत्तराचा शब्द प्रश्नातच आहे, मुलाने तो फक्त उचलायचा. चौथ्याला पोहोचेपर्यंत तो शब्द त्याच्या कानावर अनेकदा पडलेला असतो. मुलाला चुकायला जागाच फार थोडी राहते. शिक्षकालाही मोठं इंग्रजी लागत नाही, आदल्या रात्री प्रश्नांची साखळी लिहून काढली की तास निभावतो. मी अशा साखळ्या वर्षानुवर्षं वहीत लिहिल्या. धड्यातल्या प्रत्येक उताऱ्यावर अशी साखळी होऊ शकते.

दुसरं साधन आज्ञांचं. उभा राहा, दाराकडे जा, दार उघड, परत ये. मूल ऐकतं आणि करतं. बोलत काहीच नाही. बोलण्याआधी ऐकण्याचा भरपूर काळ मिळाला पाहिजे, यावर पामरांचा फार भर होता. १९२५ मध्ये त्यांनी आणि त्यांची मुलगी डोरोथी हिने या कृतींवर एक पुस्तकच काढलं. आमच्याकडे तपासणीला येणारे अधिकारी मात्र गप्प मूल दिसलं की शेरा मारत. ऐकून बरोबर दाराकडे गेलेल्या मुलीला भाषा कळली आहे, हे त्यांना पटवताना माझा घसा कोरडा पडे.

जपानमध्ये ही पद्धत अडली ती परीक्षेपाशी. वरच्या शाळांच्या प्रवेशपरीक्षेत भाषांतर आणि व्याकरण विचारलं जाई. बोलण्याला गुण शून्य, मग पालक आणि मुख्याध्यापक तोंडी तासाला वेळ कशाला देतील? तरी काही शाळांनी ती मनावर घेतली. १९३० च्या दशकात फुकुशिमाच्या माध्यमिक शाळेतल्या जपानी शिक्षकांनी ती आपल्या वर्गाला बेतून घेतली आणि इतर शिक्षकांसमोर पाठ घेऊन दाखवले. पामर १९३६ मध्ये इंग्लंडला परतले. ए. एस. हॉर्नबी हे त्यांचे जपानमधले सहकारी. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोतच छापला गेला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो नव्याने काढला, आणि आज आपल्या शिक्षकांच्या टेबलावर असतो तो त्याच घराण्यातला.

त्याच काळात भारतात नेमका उलटा विचार चालू होता. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट म्हणत, आधी वाचन. बंगालमधली कितीतरी मुलं शाळा मध्येच सोडतात, त्यांच्या हाती काय उरेल याचा हिशेब करा. अर्धवट शिकलेलं बोलणं लवकर विसरलं जातं, सोपं पुस्तक वाचता आलं तर ते जन्मभर पुरतं. वेस्ट यांचा प्रश्न मला फार खरा वाटतो. दहावीआधी लग्न होऊन गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण त्यांच्या उत्तराशी मी सहमत नाही. त्या मुलींना पुढे अडलं ते दवाखान्याच्या खिडकीशी आणि बँकेत, जिथे समोरच्याने इंग्रजीत विचारलं आणि त्या गप्प झाल्या.

मुंबई इलाख्यात मात्र डायरेक्ट मेथडचा पुरस्कार पामर जपानला जाण्याच्याही आधी झाला होता. ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणातले पी. सी. रेन शिक्षण खात्यात होते, आणि इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं यावर त्यांनी भारतीय शाळांसाठी पुस्तक लिहिलं. व्याकरणाच्या त्या जाड पुस्तकामुळे ज्यांचं नाव घरोघर पोहोचलं, त्यांचा तोंडी कामाचा आग्रह कोणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढे स्ट्रक्चरल पद्धत आली. पामरांचे सब्स्टिट्यूशन टेबल, म्हणजे एकाच वाक्यातले शब्द बदलत नवी वाक्यं करायचे तक्ते, आम्हाला बी.एड.ला फळ्यावर काढायला लावत, त्यांचं नाव मात्र कोणी सांगितलं नाही. २००० मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा सुरुवातीला ऐकण्या-बोलण्यावर भर होता आणि मला फार आशा वाटली होती. शिकवायचं होतं अशा शिक्षकांनी, ज्यांतल्या अनेकांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली. त्यांना प्रशिक्षणं मिळाली, पण प्रश्नांची साखळी कशी बांधायची हे शेजारी बसून कोणी दाखवलं नाही.

दहावीत भाषा विषयांची तोंडी परीक्षा वीस गुणांची. २०१८-१९ मध्ये हे गुण काढले, निकाल घसरला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते परत आले. गुण वाटले जातात म्हणून ते काढले, असं तेव्हा सांगितलं गेलं. वाटले जातात हे मीही पाहिलं आहे. फेब्रुवारीत एका दुपारी सगळा वर्ग उरकायचा तर दुसरं काय होणार? आठवीपासून आठवड्याला एक तास वेळापत्रकात तोंडी कामाला राखून ठेवा, आणि दर तासाला सात-आठ मुलांना पाच-पाच प्रश्न विचारून नोंद ठेवा. साठ मुलांचा वर्ग दोन महिन्यांत एकदा पूर्ण होतो. मी तो तसा करत आले, आणि माझं स्वतःचं इंग्रजी बोलणं सुधारलं ते याच तासांना.