आतडं बाहेर काढल्यानंतर

रोगट मोठं आतडं काढून टाकलं तर अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण वाचू शकतो, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सर्जनांना कळलं होतं. खरे हाल त्यानंतर सुरू व्हायचे. लहान आतड्याचं टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढून तसंच ठेवत. त्यातून वाहणाऱ्या पातळ मळातले पाचक रस भोवतालची कातडी अक्षरशः खाऊन टाकत. उघड्या पडलेल्या आतड्याचा बाहेरचा पापुद्रा सुजे, तोंड आक्रसून अडथळा येई आणि अंगातलं पाणी नि मीठ झपाट्यानं निघून जाई.

1952 साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये याच गुंतागुंतींवर लेख लिहिला. आतड्याचं टोक सदऱ्याच्या बाहीसारखं उलटं दुमडायचं आणि आतलं अस्तर तिथंच कातडीला शिवायचं. बस्स! आज जगभरचे सर्जन हेच करतात.

टाका सुधारला, तरी मळ गोळा करायला पोटावर लावलेली पिशवी गळायची ती गळायचीच. त्यावरचा उतारा मिळाला डिंकात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे रूपर्ट टर्नबुल यांनी कराया डिंकाची पूड ओल्या, सोललेल्या कातडीवर वापरून पाहिली. ही पूड तोवर कवळी हिरडीला चिकटवायला वापरत. ती ओल शोषून घेई, फुगे आणि कातडी झाकून टाके. हा डिंक ज्या झाडाचा, ते आपल्या ओळखीचं आहे: विदर्भाच्या, सातपुड्याच्या कोरड्या रानातलं पांढऱ्या सालीचं कांडोळ. ओहायोतल्या रुग्णांची कातडी भारतातल्या झाडांच्या चिकानं सांभाळली, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढं 1970च्या दशकात कातडीवर बसवायच्या कृत्रिम चकत्या आल्या आणि कराया मागं पडला.

पण पिशवी लावायला शिकवणार कोण? सर्जनला तेवढी सवड नसे. टर्नबुल यांनी 1958 साली आपल्याच एका रुग्णाला, नॉर्मा गिल यांना, या कामावर नेमलं. त्या परिचारिका नव्हत्या. त्यांचं स्वतःचं आतडं पोटावर काढलेलं होतं. शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला बसवून, वाकवून, उभं करून पाहायचं आणि पट्टा नि घड्या चुकवून पोटावर खूण करायची, हा या कामातला साधा पण मोलाचा भाग. खूण चुकली, तर उत्तम टाकासुद्धा रोज गळणार.

1961 साली क्लीव्हलँडमध्ये या कामाची रीतसर शाळा निघाली. 1978 साली मिलानमध्ये या कामातल्या लोकांची जागतिक परिषद स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्ष नॉर्मा गिलच होत्या.