डिफिब्रिलेटरचा प्रवास : शस्त्रक्रियागृहातून रस्त्यावर

मिरज म्हणजे रेल्वेचे जंक्शन आणि दवाखान्यांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उघडले आणि दूरदूरचे रोगी आगगाडीने येऊ लागले. पुढे मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, कऱ्हाडात कृष्णा रुग्णालय उभे राहिले. दुखणे आले की रोग्याला गाडीत घालायचे आणि मिरज, कऱ्हाड गाठायचे, ही आपली रीत झाली. बहुतेक दुखण्यांना ती पुरते. हृदय बंद पडल्यावर मात्र ती पुरत नाही.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो. हृदय बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो. पुष्कळदा हृदय नुसते थरथरत असते. विजेचा ठरावीक धक्का दिला तर ते पुन्हा तालावर येऊ शकते. काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

हा धक्का देणारे यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९४७ मध्ये डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला धक्का देऊन त्याला वाचवले. १९५६ मध्ये डॉ. पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरून धक्का देऊन दाखवला. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी सिद्ध केले की, नुसत्या हातांनी छाती दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. तरी यंत्र रुग्णालयातच होते. बेलफास्टचे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे सुमारे सत्तर किलोचे यंत्र रुग्णवाहिकेत चढवले. यंत्र रोग्याकडे निघाले ते तेव्हा.

पुढे स्वतःच हृदयाची लय तपासून, काय करायचे ते बोलून सांगणारी छोटी यंत्रे आली. गरज नसेल तर ती धक्का देतच नाहीत. १९९९ पासून शिकागोच्या विमानतळांवर ती भिंतींवर लावली गेली. दोन वर्षांत हृदय असे थरथरत कोसळलेल्या १८ जणांपैकी ११ जण वाचले. मदतीला धावलेल्यांत साधे प्रवासीही होते.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. हा मोठाच पल्ला होता. पण महाबळेश्वरचा घाट किंवा जतची वाडी चार-पाच मिनिटांत गाठणे कोणत्याही गाडीला अवघड. म्हणून सातारा-सांगलीची एस. टी. स्थानके, मिरज जंक्शन, हळदीचा बाजार, साखर कारखाने, अजिंक्यताऱ्याचा पायथा अशा ठिकाणी हे यंत्र हवे. ते साहेबांच्या कपाटात कुलूपबंद नको. दिसेल असे, हाताशी हवे. कायद्यातही भर हवी. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. फलाटावर कोसळलेल्याला हात देणाऱ्यालाही तसाच स्पष्ट आधार मिळावा.

यंत्र येईल तेव्हा येवो. तोवर आपले दोन हात आहेतच. माणूस निपचित पडला, नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबावे. दमलात तर शेजारच्याला बसवा. पण मदत येईपर्यंत दाबणे थांबवू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)