देव न मानणाऱ्याची नीती

उधन्याच्या यंत्रमागांवर आज खानदेशातील अनेक मराठी कुटुंबे राबतात. लगतच्या सुरतेत 1844 साली मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग व दुर्गाराम मेहताजी यांनी मानवधर्मसभा स्थापिली. जातिभेद व भोंदूगिरी यांवर तिने प्रहार केले; एका ईश्वरावरील श्रद्धा मात्र राखिली.

ती श्रद्धाही सुटली, तर नीती टिकेल काय? गोपाळ गणेश आगरकरांनी (1856–1895) याचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने दिले. ते अज्ञेयवादी होते. द्रव्यार्जनाची वाट सोडून त्यांनी अल्प वेतनावर अध्यापन पत्करिले. 1882 मध्ये 101 दिवसांचा कारावास सोसिला. 1888 पासून ‘सुधारक’ पत्रातून बालविवाह व केशवपन यांविरुद्ध लिहिले. विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढिली, तरी लेखणी थांबली नाही. पत्नी यशोदाबाईंच्या देवपूजेस त्यांनी अडथळा केला नाही.

स्वर्गाची आशा वा नरकाचे भय नसता हे सारे घडले. फलाशेवाचून कर्म करावे, ही शिकवण आपण देवळात नित्य ऐकतो. देव न मानणाऱ्या एकाने ती आचरून दाखविली. म्हणून जो देवळाची पायरी चढत नाही, त्याची पारखही त्याच्या आचरणावरूनच करावी.