नर्स कमी आहेत, मग नोकरी का नाही?

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. "दादा, पोरीला नर्सिंगला घालू का? नोकरी पक्की असते म्हणतात." तालुक्याच्या गावात पत्रकारिता करणाऱ्याला बातमी सोडून असलं सगळंच विचारतात. हो-नाही सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. ही 'पक्की नोकरी' आली कुठून आणि गेली कुठे, हे त्याशिवाय कळायचं नाही.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यात विधवाही होत्या. परक्या माणसाची शुश्रूषा, रात्रपाळी, रक्त-पू, हे पांढरपेशा घरांना पटणारं नव्हतंच. पण ज्या बाईला घरात मान नव्हता, तिच्या हातात स्वतःचा पगार आला. आपल्याकडे नर्सिंगचा पाया असा घातला गेला.

पुढे १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा नर्स होत्या अवघ्या ७ हजारांच्या आसपास. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक! १९७१ पर्यंत ५०० लोकांमागे एक नर्स हवी, असं समितीने सांगितलं. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, सरकारी दवाखान्यांना जोडून प्रशिक्षणाची केंद्रं वाढली.

आता मुद्द्याचं बघा. त्या व्यवस्थेत मुलगी दवाखान्यातच राहायची, विद्यावेतन घ्यायची, बंधपत्र लिहून द्यायची आणि शिकून झालं की बहुतेक वेळा सरकारी सेवेतच लागायची. वॉर्डही तिथेच, शाळाही तिथेच. शिकवणाऱ्याला आणि नोकरी देणाऱ्याला एकमेकांची गरज होती. तरीही हात कमी पडायचे, म्हणून केरळच्या सिस्टर आल्या. आपल्यातल्या कित्येकांना जन्मल्यावर पहिल्यांदा हातात घेतलं ते त्यांनीच. 'नर्स म्हणजे पक्की नोकरी' ही म्हण त्या काळातली आहे.

नंतर ही साखळी तुटली. नर्सिंग कॉलेजं खाजगी झाली, फी भरून शिकायची वेळ आली. दवाखाना एकीकडे, कॉलेज दुसरीकडे. सरकारनं मंजूर पदं लोकसंख्येच्या हिशोबात वाढवली नाहीत, जी होती ती वेळेवर भरली नाहीत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. खेड्यापाड्यात माणसं मिळाली हे खरं, पण कंत्राटावर. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, परत ऑर्डर.

कोविडनं सगळं उघडं पाडलं. मे २०२० मध्ये आपल्या राज्यानं केरळला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या. इथे तात्पुरत्या ऑर्डरवर घेतलेल्या मुलींवर आपण फुलं उधळली, थाळ्या वाजवल्या. लाट ओसरली, ऑर्डर संपली. २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात राज्यभर परिचारिका संपावर गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी कंपन्यांमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचा जीआर निघाला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. जीआर गेला, कंत्राट गेलं नाही.

खाजगीचं काय? सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीनं शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, आणि ५० खाटांच्या आतल्या रुग्णालयातही महिना २० हजारांच्या खाली नाही. आता आपल्या गावातल्या दहा-वीस खाटांच्या हॉस्पिटलात नवीन मुलीच्या हातात किती पडतात, ते तुम्हीच विचारून बघा.

म्हणजे नर्सची गरज कमी झालेली नाही, गरजेचं पदात रूपांतर होत नाही. हा फरक खांबाखांबावर लावलेल्या 'शंभर टक्के नोकरी'च्या जाहिरातीत कुणी सांगत नाही.

तरी नर्सिंगला घालू नका, असं मी म्हणत नाही. वाटा आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं उघडताहेत, तिथे अधिपरिचारिका लागणारच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात नर्सही आहेत. पण तिकडे जायचं तर जर्मन भाषेची परीक्षा चुकत नाही. आयसीयू, डायलिसिस, ऑपरेशन थिएटरचं काम हातात बसलेल्या मुलीला शहरात मागणी आहे.

फक्त फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. कॉलेजला परिषदेची मान्यता या वर्षाची आहे का? जोडलेल्या रुग्णालयात खाटा किती, आणि त्यावर पेशंट असतात का? गेल्या दोन बॅचच्या मुली कुठे आहेत? त्यातल्या दोघींशी फोनवर बोलता येईल का? उत्तर टाळलं, तर दुसरं कॉलेज बघा.

आणि एक प्रश्न आपल्या आमदार साहेबांना. आपल्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? रात्री अडलेली बाळंतीण घेऊन आपण तिथेच जातो. वॉर्डात एकच सिस्टर धावत असते. दुसरी शिकून घरी बसलेली असते.