दारूबंदीचा जिल्हा आणि जठराचे अस्तर

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रवेश घेणाऱ्याला खादी वापरण्याचा आणि मद्य वर्ज्य करण्याचा नियम स्वीकारावा लागतो. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी ही संस्था उभी केली. १९४४ साली आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला, तेव्हा त्या तेथेच स्थानबद्ध होत्या. संस्थेचे रुग्णालय कस्तुरबांच्याच नावाने ओळखले जाते.

मद्यवर्ज्यतेचा हा नियम अनेकांना निव्वळ नैतिक आग्रह वाटतो. मात्र त्याला पुष्टी देणारी शरीराची एक गोष्ट वैद्यकाला पुरती उमगली, ती संस्था स्थापन होऊन दीडेक दशक लोटल्यावर.

जठर, आतडी आणि प्लीहा यांचे रक्त पोर्टल नीलेतून यकृताकडे जाते. वर्षानुवर्षांच्या मद्यपानाने यकृतात व्रणतंतू माजले, म्हणजे सिरोसिस झाला, की ही वाट अडते. धरणामागे पाणी तुंबावे तसा नीलेतील दाब वाढतो आणि जठराच्या अस्तरातील सूक्ष्म वाहिन्या फुगतात. दुर्बिणीतून पाहिल्यास हे अस्तर सापाच्या कातेसारखे जाळीदार दिसते. (दाब वाढण्यास दारू हे एकच कारण नव्हे, हिपॅटायटिस ब आणि क हेही तितकेच घातक.)

अशा जठरातून रक्त झिरपू लागले की डॉक्टर दीर्घकाळ त्याला जठरदाह म्हणत आणि आम्ल कमी करण्याची औषधे देत. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवले की येथे दाह नगण्य असतो. खरा दोष फुगलेल्या वाहिन्यांचा. नाव चुकले होते, म्हणून उपचारही चुकत होता. १९९१ साली बार्सिलोनातील डॉक्टरांनी पोर्टल दाब उतरवणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाने पुन्हा होणारा रक्तस्राव कमी होतो, हे सिद्ध केले.

कोडे आणखी एक होते. रक्त तुंबलेले असूनही या अस्तराची जखम भरत का नाही? अमेरिकेत टार्नाव्स्की आणि सार्फे यांनी उंदरांवर प्रयोग केले. रक्त भरपूर, पण पेशींपर्यंत प्राणवायू अपुरा. संरक्षक थर दुबळा. शिवाय अतिरिक्त नायट्रिक ऑक्साइड. पुढील संशोधनातून दिसले की जखमेच्या कडेच्या पेशींना वाढण्याचा आणि सरकण्याचा जो संदेश मिळायचा, तोच मंदावतो. जखम उघडीच राहते.

वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. सुशीला नय्यर दारूबंदीच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. तरीही चोरटी दारू गावोगाव पोहोचतच राहिली. केवळ कायद्याने यकृत वाचत नाही, हे मान्य करायलाच हवे. उलटपक्षी, पिणाऱ्याने दारू सोडली तर अनेकदा पोर्टल दाब स्वतःच उतरतो, आणि ते कोणत्याही गोळीइतकेच मोलाचे आहे.

अशा रुग्णाने शेतातील कष्टानंतर अंगदुखीवर दुकानातून सहज मिळणारी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, असे डॉक्टर बजावतात. अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने ही गोळी घटवते, आणि तेथे तर आधीच त्यांची चणचण असते.